स्वस्त फोन, पडद्यावरच्या जाहिराती आणि घरातले ज्येष्ठ



दिवाळीनंतरच्या आठवड्यात दवाखान्यात साखर वाढलेल्या रुग्णांची रीघ लागते. अशाच एका संध्याकाळी माझे एक जुने रुग्ण सुनेसोबत आले. वय ६८. उमेदीची चाळीस वर्षे भिवंडीच्या यंत्रमागावर काढलेली. नऊ वर्षांपासून मधुमेह; पण गोळ्या, रोजचे चालणे आणि सुनेने सांभाळलेले पथ्य यांमुळे तो ताब्यात होता. या खेपेस मात्र तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ७.१ वरून १०.३ वर गेला होता आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम झाली होती. चार लाडू आणि मूठभर चकल्यांनी एवढे होत नाही.

“काका, गोळ्या चालू आहेत ना?” मी विचारले.

ते खाली पाहू लागले. सुनेने पिशवीतून प्लास्टिकचा एक डबा काढून टेबलावर ठेवला. आत तपकिरी चूर्ण आणि वर मधुमेह मुळापासून बरा करण्याचा दावा.

“मलाही परवाच कळलं, डॉक्टर. गणपतीपासून बाबा हेच घेतायत. गोळ्या बंद केल्यात.”

“मोबाइलनंच सांगितलं होतं,” काका हळूच म्हणाले. “रोज सकाळी मोबाइल हातात घेतला की दिसायचं. एवढ्या मोठ्या कंपनीचा मोबाइल, तो खोटं कशाला सांगेल?”

त्यांचे हे उत्तर मी विसरू शकलो नाही. काकांच्या दृष्टीने ती जाहिरात नव्हती. घरातल्या माणसाने सकाळी उठून सल्ला द्यावा, तसा तो फोनने दिलेला सल्ला होता.

चौकशी केली तेव्हा कळले की हा फोन मुलाने पाडव्याला घेतला होता. दुकानात सारख्याच दिसणाऱ्या दोन फोनांपैकी एक दीड हजाराने स्वस्त होता. तो स्वस्त का, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि मुलाने विचारले नाही. चूर्णाचे तीन डबे प्रत्येकी १,२९९ रुपयांना आले. वाचले दीड हजार आणि गेले जवळपास चार हजार. ड्रेसिंग, तपासण्या आणि वाढवावी लागलेली औषधे यांचा खर्च वेगळाच.

आईवडिलांसाठी जाहिराती दाखवणारा स्वस्त फोन, टॅब किंवा टीव्ही घ्यावा का, असे अलीकडे अनेक कुटुंबे मला विचारतात. मी यंत्रांचा जाणकार नाही. परंतु ही यंत्रे वापरणाऱ्यांचे डोळे, कान, हात आणि रक्तातली साखर रोज तपासतो. त्या अनुभवातून जे उमगले ते आज आपल्यापुढे मांडतो.

जाहिरातीने किंमत उतरते ती कशी?

जाहिरातीच्या पैशावर वस्तू स्वस्त मिळणे आपल्या पिढीला नवे नाही. रेडिओचा परवाना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दरवर्षी पोस्टात जाऊन शुल्क भरावे लागे. १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, १९७६ मध्ये दूरदर्शनवर आल्या आणि पुढे ऐंशीच्या दशकात परवान्याचे शुल्कही रद्द झाले. सकाळचे वर्तमानपत्र इतक्या कमी किमतीत दारात पडते, तेही मुख्यतः जाहिरातींच्या बळावर. या व्यवहाराने आपले काही बिघडले नाही, उलट सोयच झाली.

यंत्रांच्या बाबतीत हाच व्यवहार किती उघडपणे होऊ शकतो, याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेत सापडते. २०११ मध्ये अमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र तिथे दोन किमतींना विकायला ठेवले. साधे १३९ डॉलरला आणि जाहिराती दाखवणारे ११४ डॉलरला. जाहिराती यंत्र मिटलेले असताना आणि मुख्य पानाच्या तळाशी दिसत. पुस्तक वाचताना मध्ये येत नसत. म्हणजे २५ डॉलरच्या बदल्यात आपण काय देतो आहोत, हे गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक होते.

फोनच्या धंद्यात हा हिशेब इतका ढळढळीत दिसत नाही. २०१८ मध्ये शाओमी या चिनी कंपनीचे संस्थापक लेई जून यांनी जाहीर केले की यंत्रांच्या विक्रीवरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. अशा वेळी कंपनीच्या कमाईचा एक भाग इंटरनेटवरच्या सेवांतून, त्यातही जाहिरातींतून येतो. यात बेकायदेशीर काही नाही आणि अशा फोनांमुळेच अनेक सामान्य घरांत नातवंडांचे चेहरे पडद्यावर दिसू लागले. मात्र आपल्या दुकानांत ‘जाहिरातींसह इतके, जाहिरातींशिवाय इतके’ अशी पाटी सहसा नसते. निम्मा व्यवहार झाकलेला राहतो.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. रेडिओवरची जाहिरात सर्वांना एकच ऐकू येई आणि गाण्याआधी वाजून संपे. फोनवरची जाहिरात माणूस पाहून येते. आपण काय शोधले, काय पाहिले, कशावर थांबलो याची नोंद ठेवून ती निवडली जाते. टीव्हीसुद्धा याला अपवाद राहिलेला नाही. व्हिझिओ या अमेरिकी कंपनीने १ कोटी १० लाख टीव्ही संचांवर लोक काय पाहतात याची माहिती त्यांच्या संमतीवाचून गोळा केली, असा आरोप तिथल्या सरकारी यंत्रणेने ठेवला आणि २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. म्हणून मधुमेहाविषयी दोन चित्रफिती पाहणाऱ्या माणसाच्या पडद्यावर चार दिवसांनी चूर्णाचा डबा आला, तर तो योगायोग समजू नये.

वय झालेल्या शरीराला हे जड का जाते?

पंचविशीतला नातू तीच जाहिरात क्षणात बाजूला सारतो. आजोबांना ते जमत नाही, यात त्यांच्या हुशारीचा प्रश्न नसतो. कारणे शरीरात आहेत.

प्रथम डोळे. वयानुसार बाहुली लहान राहते, डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि फिकट छटांमधला फरक ओळखण्याची क्षमता घटते. मोतीबिंदू असेल तर ती आणखी कमी होते. जाहिरात बंद करण्याची फुली बहुधा कोपऱ्यात, बारीक आणि फिकट करड्या रंगाची असते. म्हणजे वृद्ध डोळ्यांना सर्वांत आधी दिसेनासे व्हावे, नेमके तेच चिन्ह. त्याशेजारचे ‘आत्ताच घ्या’ हे बटण मात्र मोठे आणि भडक असते.

मग हात. बोटांची त्वचा कोरडी पडलेली, हाताला कंप, सांधे आखडलेले. टिचकी मारायची तिथे बोट टेकून राहते, फुलीवर ठेवायचे ते शेजारच्या बटणावर पडते आणि नको असलेले पान उघडते.

कानांचे म्हणाल तर वयामुळे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. आपल्या भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्यांचे कान तर साठीच्या आधीच थकलेले असतात. गोळीची आठवण देणारा गजर आणि खेळाच्या जाहिरातीचा गलका यांतला फरक त्यांना चटकन कळत नाही. चार वेळा फसगत झाली की ते फोनचा आवाजच बंद करून टाकतात आणि गोळीचा गजरही त्याबरोबर बंद होतो.

राहिले लक्ष. एक काम करताना मध्येच दुसरे आले, तर पहिल्याकडे परतायला वयपरत्वे वेळ लागतो. ‘मी फोन कशाला उघडला होता?’ हा प्रश्न मलाही आता पडतो. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेल्या रुग्णाला तर मध्येच उगवलेले एक चित्र गोंधळात टाकायला पुरेसे होते.

यात आणखी एक गोष्ट मिळवा. आपले वडीलधारे छापील शब्दावर विश्वास ठेवत वाढले. पडद्यावर शुद्ध मराठीत, पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या चित्रासह काही आले, की ते त्यांना खरे वाटते.

माझ्या घरी जे घडले

दुसऱ्यांचे सांगताना आपले लपवू नये. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या आईसाठी, तिचे वय तेव्हा ८०, एक टॅब घेतला. भजने ऐकायची आणि माझ्या फोटोवर बोट ठेवून मला फोन लावायचा, एवढेच तिचे काम. दोन टॅबांच्या किमतीत दोन हजारांचा फरक होता. मी स्वस्तातला उचलला. अधूनमधून जाहिराती येतात हे दिसत होते. ‘येऊ देत, आईला कुठे काही घ्यायचे आहे,’ असे म्हणून मी तो विषय सोडून दिला.

आषाढी एकादशीच्या संध्याकाळी मी दवाखान्यात होतो. आईचा उपवास होता, पण मधुमेहाची सकाळची गोळी तिने नेहमीप्रमाणे घेतली होती. उपवासाला ती गोळी तशीच घ्यायची नाही, हे तिला आदल्या दिवशी बजावायला हवे होते. ती चूक माझी. सातच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. तिने टॅब उघडला तो पडद्यावर एका खेळाची जाहिरात. बोट लावले तर दुसरे पान. पुन्हा लावले तर तिसरे. शेवटी तिने टॅब बाजूला ठेवला आणि ताटावर वाटी आपटत राहिली. आवाज ऐकून शेजारच्या वहिनी धावत आल्या. त्यांनी तिला साखरपाणी पाजले आणि मला कळवले. मी पोचलो तेव्हा, साखरपाणी पोटात गेल्यानंतरही, साखर ५८ होती.

आई एवढेच म्हणाली, “अरे, तुझं नाव दिसतच नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आकड्यांचा बटणांचा साधा फोन आणला. २ दाबून धरले की मला, ३ दाबून धरले की वहिनींना. टॅब आजही घरात आहे. त्यावर ती भजने ऐकते, जाहिराती येतात आणि जातात. आता त्याची मला काळजी नाही.

मग घ्यावे की घेऊ नये?

या दोन अनुभवांनंतर मी एक साधा नियम केला आहे आणि तोच आपल्याला सुचवतो. करमणुकीच्या वस्तूवर जाहिराती चालतील. अडीनडीला हात जातो त्या वस्तूवर नकोत.

दिवाणखान्यातला टीव्ही, भजनांचा टॅब, रेडिओ, गाण्यांचे ॲप यांत जाहिरातींसह स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्यावे. जाहिरात आली तर फार तर दोन मिनिटे वाया जातील. परंतु ज्या फोनवरून संकटात मुलाला हाक मारायची, जो गजर रक्तदाबाच्या गोळीची आठवण करतो, ज्या ॲपमध्ये साखरेच्या नोंदी ठेवायच्या, तिथे जाहिरात मध्ये येणे परवडणारे नाही. एकट्या राहणाऱ्या, दृष्टी अधू असलेल्या किंवा विसरभोळेपणा सुरू झालेल्या व्यक्तीसाठी तर हा नियम कसोशीने पाळावा.

दीड हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे, हे मी जाणतो. यंत्रमागावरच्या कामगाराच्या घरात तेवढ्यात महिन्याचा किराणा बराचसा येतो. पण फोन तीन वर्षे टिकतो असे धरले, तर ही बचत दिवसाला दीड रुपयाहूनही कमी पडते. त्यासाठी रोज किती वेळा फसण्याची शक्यता आपण विकत घेतो, याचा विचार करावा. आणि हातात पैसे खरोखरच कमी असतील, तर स्वस्त स्मार्टफोनपेक्षा बटणांचा साधा फोन त्याहून स्वस्त पडतो आणि आईवडिलांच्या गरजेला अनेकदा तोच पुरतो.

खरेदी करताना दुकानदाराला सरळ विचारा: लॉक स्क्रीनवर जाहिराती येतात का? त्या बंद करता येतात का? बंद करून दाखवा. शक्य असेल तर ज्यांच्यासाठी फोन घ्यायचा त्यांनाच दुकानात न्या आणि त्यांच्या बोटांनी एक फोन लावून पाहू द्या.

जाहिरातीत दिसणाऱ्या आरोग्य-उपकरणांविषयीही एक इशारा. सुई न टोचता साखर मोजणारी घड्याळे आणि अंगठ्या सध्या स्वस्तात विकल्या जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले की अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्यांच्या आकड्यांवर भरवसा ठेवून गोळीचे किंवा इन्सुलिनचे प्रमाण बदलणे जिवावर बेतू शकते.

घरात असाच फोन आधीच असेल तर

तो टाकून देण्याची गरज नाही. मुलाने, सुनेने किंवा नातवंडाने अर्धा तास दिला तर बराच त्रास कमी होतो. बचतही राहते.

१. सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनच्या विभागात जाऊन तिथे चित्रे, बातम्या किंवा खेळ दाखवणारी सेवा असेल तर ती बंद करावी. काकांचा प्रश्न एवढ्याने निम्मा सुटला.

२. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, गूगल, जाहिराती या वाटेने जाऊन जाहिरात-ओळख पुसून टाकता येते. जाहिराती पूर्ण थांबत नाहीत. पण आजार पाहून मागे लागणाऱ्या कमी होतात.

३. न वापरलेली ॲप काढून टाकावीत. उरलेल्यांपैकी फोन, संदेश आणि कुटुंबाचा गट सोडून इतरांच्या सूचना बंद कराव्यात.

४. गोळीच्या आठवणीसाठी फुकटचे ॲप नको. फोनमधल्या घड्याळाचा साधा गजर लावावा आणि त्याचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला निवडावा. सोबत सात दिवसांच्या खणांची गोळ्यांची डबी ठेवावी. खण रिकामा की भरलेला, हे एका नजरेत कळते.

५. फोनवरून खरेदीला पासवर्ड लावावा आणि घरात एक रीत ठरवावी: पार्सल आले की आधी घरच्यांना दाखवायचे, मग पैसे द्यायचे. माणकोली, पूर्णा, काल्हेर इथली गोदामे आपल्या उंबऱ्याशी आहेत. मागवलेली वस्तू विचार बदलायच्या आत दारात येते.

६. मुलाचा, शेजाऱ्यांचा आणि डॉक्टरांचा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्व संकटांसाठी ११२, हे ठळक अक्षरांत कागदावर लिहून पलंगाजवळ भिंतीला चिकटवावेत.

७. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये संकटकाळी वापरायच्या बटणाची सोय २०१६ च्या नियमांनी बंधनकारक केली आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरणे, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ दाबणे, अशा त्याच्या रीती आहेत. आपल्या फोनवरची रीत कोणती ते माहितीपुस्तिकेत पाहून ठेवावे. पडद्यावर काहीही असले तरी हे बटण हाताशी राहते.

कायदा आपल्या बाजूने आहे

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मोतीबिंदू, काचबिंदू, बहिरेपणा, पक्षाघात, संधिवात असे आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. म्हणून ज्येष्ठांना मी एकच वाक्य पाठ करायला सांगतो: जाहिरातीत मधुमेह बरा होत असेल, तर ती जाहिरातच बेकायदेशीर आहे. अशा काही चूर्णांत स्टेरॉइड किंवा साखर उतरवणारी आधुनिक औषधे गुपचूप मिसळल्याचे तपासण्यांत आढळलेले आहे. त्यामुळे सुरुवातीला ‘गुण येतो’ आणि नंतर शरीराची हानी होते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार निश्चित करून त्यांवर बंदी घातली. जाहिरात आहे हे लपवून ती बातमी किंवा सल्ला म्हणून दाखवणे हा त्यांतलाच एक प्रकार. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बँकेतून पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० वर कळवावे. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही स्वतंत्र सेवाही आहे.

आणि काळजीवाहू मुलासुनांना एक विनंती. असे काही घडले तर घरातल्या ज्येष्ठांना रागावू नका. काकांनी तीन डबे संपेपर्यंत सांगितले नाही, ते बोलणी बसतील या धाकाने. लपवलेले औषध डॉक्टरला दिसत नाही. नवे काही सुरू केले असेल तर डबा घेऊन या, एवढे सांगण्याइतका मोकळेपणा घरात असावा. आणि चालू गोळ्या, विशेषतः हृदयाच्या, रक्त पातळ करणाऱ्या आणि फिटच्या, कोणाच्याही सांगण्यावरून अचानक थांबवू नयेत.

काकांची जखम पाच आठवड्यांनी भरली. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. परवा ते आले तेव्हा खिशातून फोन काढून अभिमानाने दाखवला. लॉक स्क्रीनवर आता नातीचा फोटो होता.

“आता हीच दिसते सकाळी,” ते म्हणाले, “आणि गोळी घेतली का विचारते.”

आपल्या घरातल्या ज्येष्ठांचा फोन आज संध्याकाळी एकदा हातात घ्या आणि सकाळी उठल्यावर त्यावर त्यांना पहिल्यांदा काय दिसते, ते पाहा. पुढील अंकी भेटूच. तोवर प्रकृतीला जपा.